हळदीच्या दिवसांतल्या मुलाखती

मार्च अर्धा सरला की आमच्या गल्लीत हळदीचा वास मुक्कामाला येतो. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की सकाळी तो ओल्या मातीसारखा असतो, दहाच्या सुमाराला जरासा कडवट होतो आणि दुपारी ऊन तापलं की घशात खवखवतो. या दिवसांत आई पांढरं कापड कधी गच्चीवर वाळत घालायची नाही. मी नोकरीपायी तीस-बत्तीस वर्षं मुंबईत काढली, तिथे हळद फक्त डब्यात भेटायची. निवृत्त होऊन सांगलीला परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी दर मार्चात हा वास पहिल्यांदा नाकात शिरतो तेव्हा माझं डोकं फिरतं. त्याचं कारण हळद नव्हे. एका हंगामात मी या वासात बसून एका कंपनीच्या पत्रांची वाट पाहिली होती.

यंदा वास आला त्या सकाळी आतल्या खोलीत सई लॅपटॉपसमोर बसली होती. सई माझ्या भावाची नात. तिचे आईवडील साताऱ्याला असतात आणि ती इथे माझ्याकडे राहून इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली विजार, असा तिचा मुलाखतीचा पोशाख. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची ही तिची पाचवी फेरी होती. पहिल्या दोन फेऱ्यांत तर समोर माणूसच नव्हता, पडद्यावर प्रश्न उमटायचे आणि ही भिंतीकडे बघून हसत उत्तरं द्यायची. तासाभराने ती बाहेर आली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "आजी, त्यांनी परत तेच विचारलं."

मी विचारलं, काय ते.

"तेच, जे तिसऱ्या फेरीत विचारलं होतं. मी म्हटलं, याचं उत्तर मी दिलंय. तर म्हणाले, ते आमच्याकडे आलेलं नाही."

मला हसू यायला हवं होतं. पण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा राग इतका ताजा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. मी कोल्हापूरहून गणितात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. पेपरात एक जाहिरात आली. कंप्युटरचं काम करणारी मुंबईतली एक मोठी कंपनी, प्रोग्रामर हवेत, गणिताची किंवा इंजिनियरिंगची पदवी, कंप्युटरचा अनुभव असल्यास प्राधान्य. त्या शेवटच्या अटीवर मी पहिल्यांदा चिडले. सांगलीत मी कंप्युटर पाहिलेला नव्हता. कोल्हापुरात पाहिलेला नव्हता. ज्यांनी पाहिला होता त्यांनी काचेच्या पलीकडून पाहिला होता. अनुभव काय भिंतीवर टांगायचा फोटो होता, की मिळेल तिथून आणावा? तरी अर्ज केला. कॉलेजच्या ग्रंथालयातून प्रोग्रामिंगचं एकुलतं एक पुस्तक चौदा दिवसांसाठी मिळालं, ते मी दोन वह्यांत उतरवून काढलं. यंत्र नव्हतं म्हणून मीच यंत्र व्हायचे. प्रोग्राम लिहायचा, मग एकेक ओळ बोटाने खाली सरकत, कुठला आकडा कुठे गेला ते वहीच्या कडेला लिहीत जायचं. आई म्हणायची, ही परीक्षा संपल्यावरसुद्धा अभ्यास करते.

‘सॉफ्टवेअर’ हा शब्द शेजाऱ्यांना ‘स्वेटर’ असा ऐकू यायचा, त्यांना वाटायचं मला स्वेटरच्या कंपनीत नोकरी हवी आहे. आईने काही दिवस तो समज दुरुस्त केला नाही. स्वेटर निदान समजावून सांगता येत होता.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीत कंपनीने मला जितकं छळलं तितकंच माझ्या वडिलांनी. आप्पा शिराळ्याकडच्या शेतकरी घरातले धाकटे. थोरल्याने ऊस बघायचा आणि धाकट्याने लष्करात जायचं, अशी त्यांच्या घरातली रीत. आप्पा लष्कराच्या टपालात गेले, पंधरा वर्षं बर्फात आणि वाळवंटात जवानांची पत्रं लावली, आणि सुटून आल्यावर सांगलीच्या टपाल कचेरीत सॉर्टर झाले. पोती उघडायची, आलेली पत्रं खणाखणांच्या लाकडी कपाटात लावायची, पोस्टमनच्या हाती द्यायची, हे त्यांचं काम. म्हणजे आमच्या घरी येणारं प्रत्येक पत्र पोस्टमनच्या आधी आप्पांच्या हातून जायचं. आणि घरी येणारं एकही पत्र आप्पांनी कधी खिशातून आणलं नाही.

लेखी परीक्षेचं बोलावणं आलं तो दिवस मला आठवतो. आप्पांची पहाटेची ड्युटी असायची, मधे नऊ वाजता न्याहारीला घरी यायचे. त्या दिवशी आले, भाकरी खाल्ली, माझ्याकडे दोनदा बघितलं आणि गेले. साडेअकराला पोस्टमन आला तेव्हा मला कळलं की पाकीट त्यांनी सकाळी सातलाच बघितलं होतं. संध्याकाळी मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "कचेरीत आलं म्हंजी तुझं न्हाई झालं. वाटप झालं की तुझं." आईने त्यांच्यापुढे हात टेकले होते. ती म्हणायची, लग्न ठरल्यावर यांनी मला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा तिकीट लावून आली होती.

लेखी परीक्षा सांगलीतच एका कॉलेजात झाली. हॉल भरून मुलं आणि आम्ही तिघी मुली. आकड्यांच्या मालिका, घडी घातलेल्या कागदाची चित्रं, नावेतून नदी ओलांडणारी माणसं. कंप्युटरचा त्यात संबंध नव्हता. मी पास झाले. मग फेब्रुवारीत पुण्याला मुलाखत.

पुण्याच्या मुलाखतीवर मी आजही भांडू शकेन. तिघं जण बसले होते. मधला टाय लावलेला तरुण गृहस्थ सगळे प्रश्न विचारत होता, बाजूचे दोघं चहा पीत होते. कंप्युटर पाहिला आहे का, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं. मग प्रोग्राम कसा लिहाल, हा दुसरा. मी दोन वह्या पुढे केल्या. त्याने त्या उघडल्या नाहीत. मला एक कागद देऊन म्हणाला, शंभराच्या आतले आकडे वाटेल त्या क्रमाने दिलेले आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची रीत लिहा.

पुस्तकात एक रीत होती. शेजारशेजारचे दोन आकडे घ्यायचे, तुलना करायची, उलटे असतील तर अदलाबदल करायची, पुन्हा सुरुवातीपासून. मला ती येत होती. पण मी लहानपणापासून आप्पांना पत्रं लावताना पाहिलं होतं, आणि दोन पत्रं हातात धरून कुठलं आधी याचा विचार करताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते नुसते खणात टाकत जायचे. मी तसंच लिहिलं. दहा खण करा. दशकाच्या आकड्याप्रमाणे एकेक आकडा आपापल्या खणात टाका. मग प्रत्येक खण एककाप्रमाणे पुन्हा लावा. तुलना करायचीच नाही.

त्याने कागद वाचला आणि वर लाल पेनाने फुली मारली. मी विचारलं, उत्तर चुकीचं येतं का? तो म्हणाला, उत्तर बरोबर येईल, पण रीत चूक आहे. का चूक, ते सांगितलं नाही. त्या काळी यंत्रात जागा फार तोकडी असायची, रिकामे खण मांडून ठेवणं परवडत नसे, म्हणजे त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला पुढे कामाला लागल्यावर कळलं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याने विचारलं, लग्न कधी करणार? मी म्हटलं, ठरलेलं नाही. बाजूच्या दोघांपैकी एकाने प्रथमच तोंड उघडलं आणि म्हणाला, हेच, ठरलेलं नसतं आणि मग सहा महिन्यांत ठरतं.

परतीच्या गाडीत मी कऱ्हाड येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते.

लग्नाचं तसं अगदीच काही नव्हतं असं नाही. फलटणचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. येऊन बघून गेला होता, कमी बोलला, जाताना माझ्या वह्या बघून हे काय आहे असं खरोखर जाणून घ्यायच्या सुरात विचारलं. मुलगा चांगला होता आणि अडचण तीच होती. वाईट असता तर आईला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. त्यांच्याकडून होकार होता, आमच्याकडून अक्षय तृतीयेपर्यंत कळवायचं होतं. मुलगा बदली घेणार नव्हता आणि फलटणमध्ये कंप्युटर येण्याची शक्यता मला माझ्या आयुष्यात दिसत नव्हती. म्हणजे तोपर्यंत कंपनीचं काय ते कळायला हवं होतं. हळदीचा हंगाम ऐन भरात आला. गावाबाहेर शेतांवर काहिलीत हळद शिजत होती, यार्डात वाळलेली हळद घासून पॉलिश करायची पिंपं दिवसभर खडखडत होती. मी रोज साडेअकराला दारात उभी राहायचे आणि पोस्टमन दुरूनच मान हलवायचा.

हे मी सईला सांगितलं तर तिला वाट बघण्याचं काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, आमच्याकडे तर नकारही कळवत नाहीत, पडद्यावर आपल्या अर्जापुढे असलेला हिरवा ठिपका एक दिवस राखाडी होतो. मी विचारलं, मग तू काय करतेस? म्हणाली, बघत बसते. काही गोष्टींत इतकी वर्षं जाऊनही माणसाने फारशी प्रगती केलेली नाही असं मला वाटतं.

एप्रिलमधला एक शनिवार. संध्याकाळी आप्पा घरी आले आणि दुसरी भाकरी घेतली नाही. रेडिओ लावला आणि बंद केला. रविवारी सकाळी अंगणात पाणी मारत होते तर एकाच जागी चिखल होईतो मारत राहिले. आईने ओळखलं. ती म्हणाली, "आवं, काय असंल ते सांगा की. पोरीचं पत्र आलंय का?"

आप्पा म्हणाले, "आलंय. काल सांजच्याला. वर तातडीचं म्हणून छाप हाय."

मी म्हटलं, मग आणा ना. ते म्हणाले, रविवारी वाटप नसतं, उद्या पहिल्या फेरीत निघेल. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. आत कुठली तारीख असेल, काय असेल, हे कागद तुमच्या कपाटात पडलेत आणि मी इथे मरते आहे, असं बरंच काही. आप्पांनी ऐकून घेतलं, बादली ठेवली, टोपी घातली आणि म्हणाले, "चल माझ्यासंगं. चप्पल घाल."

आम्ही टपाल कचेरीत गेलो नाही. आधी पोस्टमास्तरांच्या घरी गेलो. ते नुकतेच अंघोळ करून पूजेला बसत होते. आप्पांनी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. अर्ज लिही, म्हणाले. माझ्या नावे आलेलं पत्र मला कचेरीच्या खिडकीवर मिळावं ही विनंती, खाली सही, पत्ता. मी लिहिला. पोस्टमास्तर सोवळ्यात उभे राहून म्हणाले, अहो, तुम्ही स्वतःच नेलं असतंत तरी मी काय म्हणणार होतो. आप्पा म्हणाले, "तुमी काय म्हनला नसता सायेब. मी म्हनलो असतो." पोस्टमास्तरांनी अर्जावर सही केली. मग आम्ही कचेरीत गेलो. आप्पा मागच्या दाराने आत गेले, खिडकी उघडली, मला समोर उभं केलं आणि नाव विचारलं. स्वतःच्या मुलीला नाव विचारलं. मी दातओठ खात नाव सांगितलं. त्यांनी पाकीट दिलं.

मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती. सोमवारी सकाळी दहाला, साताऱ्याच्या सरकारी विश्रामगृहात. आप्पांनी पत्र हातात घेतलं, आतली तारीख बघितली, मग पाकिटावरचा ठसा बघितला. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. पत्र लिहून झाल्यावर कंपनीत ते अकरा दिवस कुणाच्या तरी टेबलावर पडून होतं. "लिवलंय कवा आन् टाकलंय कवा," ते म्हणाले. "आमच्याकडं एकच रात व्हतं." तेवढ्यापुरते का होईना, आम्ही दोघं एकाच बाजूचे झालो.

सोमवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघालो. आप्पांनी रजा घेतली होती. आष्टा, इस्लामपूर, कऱ्हाड, आणि प्रत्येक स्टँडवर मला वाटायचं की ड्रायव्हर आता चहाला उतरला तो परत येणार नाही. साडेनऊला विश्रामगृहावर पोचलो. मला धरून पाच उमेदवार होते. साहेब कुठे आहेत म्हटल्यावर तिथला शिपाई म्हणाला, महाबळेश्वरला. मुंबईचे मोठे साहेब कुटुंबासह हवा खायला आलेले होते आणि त्यांना सोयीचं म्हणून मुलाखती साताऱ्याला ठेवल्या होत्या. दहाचे अकरा झाले, अकराचा एक झाला. समोर अजिंक्यतारा उन्हात भाजत होता. आप्पांनी शिदोरी सोडली आणि सगळ्यांना चपाती-बटाट्याची भाजी वाटली. खाताना बोलणं निघालं. पाचही जणांना पुण्यात तोच प्रश्न विचारला होता, आणि पाचही जणांना आपली उत्तरं कुठे गेली ते माहीत नव्हतं.

त्यांच्यात पाटणकडचा एक उमेदवार होता, इंजिनियर, उन्हाने काळवंडलेला. दोन वाजता तो उठला आणि कागद पिशवीत भरायला लागला. आप्पांना म्हणाला, "आवं आप्पा, मी निगतो. उसाला आज आमची पाण्याची पाळी हाय. ही लोकं येतील तवा येतील." आप्पांनी त्याला थांबायला सांगितलं, इतकं थांबलास तर अजून तास. तो म्हणाला, चार महिने तास तासच चाललंय. चिडून नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाला, आणि गेला. तो फाटकाबाहेर पडल्यावर वीसेक मिनिटांत साहेबांची गाडी आली. मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीच्या करंड्या होत्या. मी धावत रस्त्यापर्यंत गेले, पण तो दिसला नाही. त्याच्या नावाने पुकारा झाला तेव्हा आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. या सगळ्या प्रकारात शहाणा तोच होता की काय, हा प्रश्न मला पुढे नोकरीतल्या कितीतरी सोमवारी पडला.

साहेबांनी माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला. शंभराच्या आतले आकडे आहेत, ते लहानापासून मोठ्यापर्यंत कसे लावाल? मी म्हटलं, याचं उत्तर मी पुण्यात दिलं आहे. ते म्हणाले, पुण्याचे कागद अजून माझ्याकडे आलेले नाहीत. तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. आता पुस्तकातली रीत सांगावी आणि मोकळं व्हावं, एवढी साधी गोष्ट होती. मी पुस्तकातली रीत सांगितली, आणि वर म्हटलं की मला ही मूर्खपणाची वाटते. मग खणांची रीत सांगितली. साहेबांनी विचारलं, ही कुठे वाचलीत? वाचली नाही, पाहिली, मी म्हटलं, माझे वडील टपालात आहेत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं की रात्री काम करावं लागेल, यंत्र दुसऱ्यांचं भाड्याने घेतलेलं आहे, आम्हाला ते रात्रीच मिळतं, चालेल का? मी चालेल म्हटलं. या मुलाखतीत लग्नाचा विषय निघाला नाही, हे माझ्या लक्षात परत येताना उंब्रजच्या पुढे आलं.

अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात जाड पाकीट आलं. नेहमीसारखं साडेअकरालाच. नेमणूक झाली होती. एक जूनला मुंबईत हजर व्हायचं, येताना मूळ प्रमाणपत्रं आणायची, आणि सोबत जोडलेला फॉर्म भरून आणायचा. त्या फॉर्मवर लिहिलं होतं की अविवाहित स्त्री उमेदवाराच्या वडिलांनी, ते नसल्यास पालकाने, रात्रीच्या कामाला संमती असल्याची सही करावी. मला त्याचा रागही आला नाही. इतके महिने इतकं काही झालं होतं की ही एक सही म्हणजे काहीच नव्हतं. संध्याकाळी मी फॉर्म आणि पेन आप्पांच्या पुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "तुजं वय किती?"

तेवीस, मी म्हटलं.

"मग माजी सही कशापायी?"

मी म्हटलं, त्यांचा नियम आहे. आप्पा म्हणाले, हा नियम नाही. नियम त्यांना माहीत होते. सज्ञान माणसाचं पत्र त्याच्या बापाच्या हातात द्यायचं नसतं, मग सही बापाची कशी चालेल? मी विनवण्या केल्या. मग भांडले. म्हटलं, तुमचे नियम माझ्या मुळावर आलेत, एकदा, फक्त एकदा, नुसती सही करा. आईही म्हणाली, लेकीसाठी करा. आप्पांनी पेन उघडलं आणि सहीच्या जागेच्या वर, त्यांच्या टपालातल्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘माझी मुलगी सज्ञान आहे. कामाच्या बाबतीत तिची सही पुरेशी आहे. माझ्या संमतीची आवश्यकता नाही.’ आणि खाली स्वतःची सही केली, कारण सही नसलेल्या लिखाणाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

शाईचं पेन होतं. खोडता येण्यासारखं नव्हतं. दुसरा फॉर्म नव्हता. मी रडायला लागले तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज माजी लागली तर उद्या नवऱ्याची लागंल. मग तुजी कवा लागायची?"

मी त्यांच्याशी तीन आठवडे बोलले नाही. पण फलटणला नकाराचं पत्र मी स्वतः लिहिलं, आईला लिहू दिलं नाही. केमिस्टने उत्तर पाठवलं, दोन ओळींचं, कामासाठी शुभेच्छा देणारं. ते वाचून आई जास्त रडली. हातची नोकरी त्या तीन ओळींमुळे जाणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आणि तरीही मी नकार का कळवला, हे मला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. कदाचित मला राग इतका होता की मागे फिरायला जागा उरली नव्हती. राग माणसाकडून कधीकधी शहाणपणाची कामं करून घेतो.

सईची सातवी फेरी उद्या आहे. आज तिने मला तिच्या फॉर्ममधला एक रकाना दाखवला, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि विचारलं, आईचं घातलं तर चालेल का? मी म्हटलं, घाल. न चालायला काय झालं.

एक जूनला मी मुंबईला त्या कंपनीच्या कचेरीत हजर झाले. मामाच्या घरून निघताना पोटात अन्नाचा कण नव्हता. एका लांब खोलीत टेबलं मांडलेली होती आणि प्रत्येक टेबलावर एकेक कागद तपासला जात होता. पदवी, जन्मतारीख, डॉक्टरचा दाखला. शेवटच्या टेबलावर एक पोक्त कारकून होते, गळ्यात मफलर, जूनमध्येसुद्धा. त्यांनी माझा फॉर्म घेतला, नजर सरळ खाली सहीवर नेली, सही आहे हे पाहिलं, बरोबरची खूण केली आणि फॉर्म ढिगावर ठेवला. "पुढे जा," म्हणाले.

म्हणजे सुटले होते. कुणी वाचलंच नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेलेसुद्धा. आणि मग जो संताप आला त्याची तुलना मी त्या सगळ्या हंगामातल्या कुठल्याही संतापाशी करू शकत नाही. लाल फुली, अकरा दिवस पडलेलं पत्र, महाबळेश्वरचे साहेब, सगळं एकीकडे. आप्पांनी रात्रंदिवस दुसऱ्यांची पत्रं नीट पोचवली होती, आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं न वाचताच ढिगात गेलं होतं.

मी परत फिरले. म्हटलं, माझा फॉर्म जरा वाचता का, सहीच्या वरचं.

कारकुनांनी माझ्याकडे बघितलं. मागे रांग होती. त्यांनी फॉर्म ढिगातून काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओठ हलवत तिन्ही ओळी वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या. आपण हे काय केलं असं वाटत होतं.

"हे तुमच्या वडिलांनी लिहिलंय?"

मी हो म्हटलं.

"मग तुमची सही कुठे आहे?" ते म्हणाले.

मी सांगितलं की फॉर्मवर त्यासाठी जागाच नाही. त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून बघितला. खरंच नव्हती. त्यांनी पट्टी घेतली, आप्पांच्या सहीच्या खाली पेन्सिलने एक रेघ मारली, फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि स्वतःचं पेन पुढे केलं. मी सही केली. ती रेघ सोडून जरा वर गेली.